खुटबावच्या मशीनमधलं बंदर

१७ फेब्रुवारी २००३, सोमवार

कॅबिनेट उघडलं आणि आत उंदराची पिल्लं! सात. गुलाबी, डोळे मिटलेली, पंख्याच्या शेजारी कापसात. बोर्डावर मुताचा पिवळा थर. वासानं सकाळचा चहा वर आला.

मशीन एका खतवाल्याचं. तो समोरच उभा. म्हणतो, "जित्ती हायेत का? म्हंजी मशीन गरम व्हत व्हतं म्हणायचं." आणि हसला. दात मिश्रीनं काळे.

वीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, आता चार वर्षं कॉम्प्युटर. रेडिओत फार तर झुरळ निघायचं. कॉम्प्युटरमध्ये लोक काय वाटेल ते कोंबतात. की-बोर्डात गुटखा. फ्लॉपीच्या फटीत हळदीकुंकू. दसऱ्याला एकानं मॉनिटरवर नारळ फोडला — "पूजा केली, तवापसनं बंद हाय!" आणि आतल्या फायलींची घाण तर निराळीच. बाहेर टोपी, कपाळाला गंध, आत नागडे फोटो. सगळं मलाच दिसतं. शिरूरमधल्या अर्ध्या लोकांच्या तोंडाकडे बघून मला मळमळतं, आणि तेच लोक मला "सलाम मेहमूदभाई" करतात.

ही डायरीसुद्धा त्याच खतवाल्यानं फुकट दिलेली. प्रत्येक पानावर खाली युरियाची जाहिरात.

१८ फेब्रुवारी

तीनदा फिनेल टाकलं. वास आहे तिथंच आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

खुटबावहून एक जण आला. बाळासो. पस्तिशीचा, जाड, गळ्यात चेन. पोत्यात गुंडाळून कॉम्प्युटर आणला — पोत्यात! वर दोरी.

"वडिलांचं हाय," म्हणाला. "गेले दिवाळीच्या आधी. आता पोरांना शाळेसाठी पाहिजे. पन आतलं सगळं पुसून द्या."

"काय आहे आत?"

इकडं तिकडं बघितलं. दुकानात कुणी नव्हतं, तरी आवाज खाली घेतला. "भाई, काय सांगू. म्हातारा दौंडला रेल्वेत केबिनमन व्हता, सिग्नलचे खटके ओढायचा. रिटायर झाला आन् हे डबडं घिऊन आला. रोज दुपारी खोलीचं दार लावून आत. दोन वर्सं! गावात लोक काय काय बोलायचे. तसलंच बघत असणार. आम्ही मान खाली घालून फिरलो."

मी विचारलं, दौंड जवळ असताना एवढ्या लांब का आलास? म्हणाला, "दौंडात सगळे वळखतात वडिलांना. सर्जेराव केबिनवाले म्हणून."

लाज झाकायला शिरूर! छान. जगाची घाण धुवायची जागा म्हणजे माझं दुकान.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जुम्याच्या नमाजाहून आल्यावर खुटबावचं मशीन उघडलं. नाकाला रुमाल बांधूनच बसलो होतो.

आत धूळ नाही. खरंच! माझ्या हाताखालून गेलेलं हे सगळ्यात स्वच्छ मशीन. वायरी पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेल्या, गाठी सारख्या. की-बोर्डवर हाताने शिवलेलं कापडी झाकण, कडेला टीप. रेल्वेच्या माणसाची शिस्त म्हणायची.

मग फायली बघितल्या. खरं लिहितो — तसलंच शोधलं. एकेक फोल्डर उघडत गेलो, आणि काही मिळेना तेव्हा चिडलो. म्हणजे घाण मिळाली नाही म्हणून चिडलो! स्वतःवर थुंकावं वाटलं.

एकच गोष्ट होती. सीडीच्या कप्प्यात एक सीडी, वर निळ्या पेनानं BANDAR. मला वाटलं माकडाचा खेळ असेल. लावून बघितली.

माकड नाही. समुद्र, धक्का, दिवे. बंदर.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दोन तास वीज होती, दोन्ही तास तोच गेम. गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हटलं.

गोळ्या नाहीत, मारामारी नाही. एक माणूस बोटीतून एका बेटावरच्या गावात उतरतो. दीपगृहाचा दिवा विझलाय, तो लावायचा — एवढंच काम. पण दिव्यापर्यंत पोचायचं तर सगळं गाव ओलांडायचं. प्रत्येक घर चितारलेलं. कशावरही माउसचा बाण नेऊन दाबा, त्याबद्दल खाली इंग्रजीत एक ओळ येते. पिंपावर दाबा, ओळ. मांजरावर दाबा, ओळ. खानावळीत भिंतीवरचा रंग एका ठिकाणी पोपडे धरून निघालाय, त्याच्यावरही ओळ! घड्याळ खऱ्या वेळेला चालतं. नळ गळतो, थेंब वाडग्यात पडतो, वाडगं भरलं की सांडतं. कुणी सांगितलं होतं वाडगं भरायला?

मी कारागीर माणूस आहे, मला कळतं. ज्यानं हे केलं त्यानं न दिसणाऱ्या जागीसुद्धा हात फिरवलाय. आपल्याकडे गटाराचं झाकण सरळ बसवत नाहीत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

खेळ जिथं थांबवायचा तिथं नाव देऊन जपून ठेवता येतो, दुसऱ्या दिवशी तिथून पुढं. सर्जेरावांनी असे त्रेसष्ट जपलेत. मी त्यांच्याच जागांवरून पुढं जातो. नावं इंग्रजी अक्षरांत पण मराठी: 'कंदील मिळाला'. 'मासेवाली रुसली'. 'पायऱ्या निसरड्या'. 'परत तोच रस्ता'.

एक माणूस खुटबावात बसून, बाहेर मुलं शिव्या देतायत, आणि आत हा लिहितोय 'मासेवाली रुसली'.

२८ फेब्रुवारी

धत्! सगळी सारखीच असतात.

आज खालची नावं नीट वाचली. 'म्हाळसा म्हणते डावीकडे.' 'म्हाळसाचं बरोबर.' 'म्हाळसा हसली.' 'म्हाळसाबरोबर धक्क्यावर.' त्रेसष्टातली एकोणीस अशी.

बाळासोनं नाव सांगितलं होतं — आई ताईबाई. मग ही म्हाळसा कोण? रोज दुपारी, दार लावून?

आठवडाभर मी या म्हाताऱ्याला भला माणूस समजत होतो. त्या सुबक गाठी, ते शिवलेलं झाकण — कुणी शिवलं ते आता कळलं. सगळ्यात चीड कशाची, तर गेम बघून मला बरं वाटलं होतं, त्याची.

३ मार्च, सोमवार

बाळासो आला. मी सांगून टाकलं.

सांगायची गरज नव्हती. नुसतं 'पुसलं' म्हणून मशीन हातात द्यायचं होतं. पण जीभ खाजत होती. "तसलं काही नव्हतं," म्हटलं, "पण एक बाई होती. म्हाळसा नावाची. तिच्याबरोबर बसायचे वाटतं." वर हसलोसुद्धा.

बाळासोचं तोंड उतरलं. नंतर लाल झालं. "पुसा," म्हणाला. "आत्ता पुसा. माझ्यासमोर."

फॉरमॅट मारला. टक्के चढत गेले. तो खुर्चीच्या मागे उभा राहून माझ्या मानेवर श्वास सोडत होता — कांदा आणि तंबाखू. शंभर झाल्यावर मशीन पुन्हा पोत्यात घालून घेऊन गेला. कॅबिनेटवर नेहमीसारखं दुकानाचं स्टिकर लावलं.

सीडी मात्र माझ्या ड्रॉवरमध्ये राहिली. त्यानं विचारली नाही, मी दिली नाही.

४ मार्च

चोर कोण आणि घाणेरडा कोण, ते आज लिहीत नाही.

१० मार्च, सोमवार

गेम माझ्या दुकानच्या मशीनवर घातला. पहिल्यापासून. मासेवालीला शिंपल्याची माळ दिली की ती वाट सोडते — दोन दिवस लागले कळायला. कळलं तेव्हा एकट्यानं टाळी वाजवली. बेचाळीस वर्षांचा घोडा!

महेजबीनला कौतुकानं सांगितलं — नळ, वाडगं, पोपडे. ती चपात्या लाटत होती. म्हणाली, "चौदा वर्षांत आज पहिल्यांदा तुमच्या तोंडून कशाबद्दल चांगलं ऐकलं. नाहीतर तुम्हाला जगाचीच किळस." नंतर म्हणाली, "आपला नळ पण गळतो. तो कधी बघणार?"

१९ मार्च, बुधवार

सगळं लिहून काढतो.

अकराच्या सुमारास एक म्हातारी दुकानाच्या पायरीवर उभी. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. पिशवीतून स्टिकर काढलं — माझ्या दुकानाचं, नखानं खरवडून काढलेलं, कडा फाटलेल्या.

"हे तुमीच का? कंडक्टरकडनं वाचून घेतलं. खुटबावहून आले. चौफुल्याला गाडी बदलली."

मी समजलो. खुर्ची दिली.

"आमच्या बाळासोनं मशीन हितं आणलं व्हतं. परत आलं तवा त्यात तबकडी न्हाई. आन् आमचं गावबी न्हाई आत."

"पुसलं, मावशी. त्यांनीच सांगितलं होतं."

"पुसलं म्हंजी? फडकं मारलं?"

"नाही. आतलं. सगळं गेलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "परत येत न्हाई?"

"नाही."

"त्यातलं सगळं? दोन वर्सांचं?"

मी मान हलवली. तिनं पिशवीचं तोंड उघडलं, बंद केलं. मी घाईघाईनं भलतंच बोललो. म्हटलं, "मावशी, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून... त्यात दुसऱ्या एका बाईची नावं होती. म्हाळसा."

"ती मीच की."

असं म्हणाली! साधं. नळ गळतोय म्हणावं तसं.

माहेरचं नाव. लग्न होऊन आली तेव्हा घरात चुलत सासूचं नाव म्हाळसा, म्हणून हिचं ताईबाई केलं. बेचाळीस वर्षं ताईबाई. "हे तर कायबी हाक मारायचे न्हाईत. 'ऐकलं का' म्हणायचे. मशीन आनल्यावर म्हणाले, बस हितं, दोघं खेळू. मग नाव लिवायची चौकट आली. यांनी ताईबाई लिवलं. म्या म्हणलं, ते नको. माझं घाला."

आणि मुलांना हे माहीत नाही?

"त्यांना काय सांगायचं? त्यांना वाटायचं, दुपारी मी परसात निजती. जन्मल्यापसनं माझ्या हातचं खात्यात, एकानं इचारलं न्हाई की आई, तुझं माहेरचं नाव काय." मग म्हणाली, "बाळासो शिरूरहून आला आन् अंगणात समद्यांसमोर वरडला — तुझ्या नवऱ्याची म्हाळसा कोण, सांग! मला हसूच फुटलं. त्यांना वाटलं मला भ्रम झाला. मग पोरांनी यांचा फोटो उतरवला भितीवरनं. म्या घेतला, पेटीत ठेवला."

मी सांगितलं — ते मीच बोललो होतो. त्याला. हसत.

मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, "असू द्या. बेचाळीस वर्सांत त्या घरात माझं नाव मोठ्यानं कुणी घेतलं ते तवाच."

ड्रॉवर उघडून सीडी तिच्यापुढे ठेवली. चोरली होती, असं स्पष्ट सांगितलं. तिनं पदरानं पुसली आणि माझ्याच हातात परत दिली. तिला वाचता येत नाही. नवरा इंग्रजी वाचून मराठीत सांगायचा, कुठं जायचं ते ती सांगायची. तबकडी नेऊन तिला उपयोग काय? वाचणारा माणूस पाहिजे.

"तुमाला विंग्रजी येतं?"

येतं, म्हटलं.

"मग पुढच्या बुधवारी येते. घरी सांगते, डोळ्याचं औषध आनायचंय."

२० मार्च

दिवसभर तोंड कडू. चार चुळा भरल्या. माझ्या जिभेइतकं घाण मशीन अजून दुकानात आलेलं नाही.

२६ मार्च, बुधवार

ताईबाई आल्या. बरोबर भाकरी आणि ठेचा, माझ्यासाठीही. पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांना सगळं पाठ! "डावीकडं जावा. त्या मडक्याला हात लावा. आता मागं या, मांजर जाऊ द्या, मग दार." मला जे पंधरा दिवसांत जमलं ते दीड तासात.

धक्क्यावरचा नावाडी आला. त्याच्यावर दाबलं. ओळ आली, मी वाचली: "नावाडी झोपला आहे."

"आन् पुढं?"

"एवढंच आहे."

"न्हाई वो! तो म्हनतो, माझी बदली झाली दुसऱ्या बंदराला, पर बायकोला हितलं पानी मानवलंय, म्हनून जात न्हाई. सायबाला अर्ज केलाय."

मी पुन्हा वाचलं. नावाडी झोपला आहे. बदली नाही, बायको नाही, अर्ज नाही!

मासेवाली तेच. इंग्रजीत: "ती तुमच्याशी बोलत नाही." ताईबाईंच्या हिशेबी तिच्या सुनेनं तिला न सांगता कालवणात चिंच जास्त घातली, म्हणून तीन दिवस रुसलीय.

म्हणजे सर्जेराव थापा मारत होते. एका निरक्षर बाईला, दोन वर्षं, रोज!

२७ मार्च

रात्रभर हाच विचार. मला खोटं बोलणाऱ्याची शिसारी आहे. गिऱ्हाइकाला मी तोंडावर सांगतो — तुझं मशीन मेलंय. आणि हा केबिनमन! ज्या माणसाच्या एका चुकीनं गाड्या एकमेकींवर जातात, तो घरी बायकोला काय वाटेल ते वाचून दाखवतो. मी खरं तेच वाचणार. तिला खरा गेम कळलाच पाहिजे.

२ एप्रिल, बुधवार

खरं तेच वाचलं. "दार बंद आहे." "ही दोरी आहे." "येथे काही नाही."

जाताना ताईबाईंनी पिशवी उचलली आणि फार हळू, मला लागू नये अशा आवाजात म्हणाल्या, "मेहमूदभाई, तुमचं विंग्रजी जरा कमी हाय का?"

माझं! मी बी.ए. पहिलं वर्ष शिकलोय!

९ एप्रिल, बुधवार

समोरचा झेरॉक्सवाला दारात येऊन दात काढत होता. "काय भाई, म्हातारीला कॉम्प्युटर क्लास?" जाताना माझ्या पायरीवर थुंकला. पान. लाल. पुसायला मीच.

दुपारी खानावळीतल्या म्हाताऱ्यावर दाबलं. इंग्रजीत: "तो सूप पितो आहे." मी वाचलं. आणि मग — कसं झालं कळलं नाही — म्हटलं, "म्हणतो, मीठ कमी आहे."

ताईबाई लगेच, "व्हय ना! याला कायम कमीच लागतं. दवाखान्यात न्या म्हनावं."

एक वाक्य. मीठ कमी आहे. माझं मलाच ओशाळं झालं.

१६ एप्रिल

बाळासोचा फोन. आई इकडं येते का? मी म्हटलं, येते, डोळ्याच्या दवाखान्याची वाट विचारायला. फोन ठेवला आणि हात धुतले. कशाला धुतले कोण जाणे.

३० एप्रिल, बुधवार

ऊन मरणाचं. ताईबाई घामाघूम आल्या. माठातलं पाणी दिलं. आज घंटाघराचा जिना चढलो. इथं पाच खटके आहेत, एक ओढला की दुसरा अडकतो. मी अर्धा तास झटलो.

त्या म्हणाल्या, "चौथा, मग पैला, मग पाचवा. हे बघताच म्हणाले व्हते, ही तर आपली दौंडची केबिन! दोन नंबरला हात लावायचा न्हाई, त्यो मेन लाइनचा." आणि हसता हसता पदर डोळ्याला. "ड्युटीला डबा घिऊन जायचे मी, पर वर कवा येऊ दिलं न्हाई. साहेब रागावतील म्हणायचे. त्यांचं काम काय असतं ते म्या हितं बघितलं. ह्या जिन्यावर."

खटके सुटले. घंटा वाजली. गावातले सगळे पक्षी एकदम उडाले — प्रत्येक पक्षी वेगळा चितारलेला.

मी खालची इंग्रजी ओळ वाचली नाही. म्हटलं, "स्टेशन मास्तर म्हणतायत, शाब्बास सर्जेराव."



१ मे

कालचं आठवून सकाळी मळमळलं. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन खोटं बोललो. सर्जेराव निदान नावाड्याच्या नावावर खपवायचे. मी कुठवर आलोय?

महेजबीनला सगळं सांगितलं. वाटलं, तीही नाक मुरडेल. म्हणाली, "त्या बाईला शीरखुर्मा आवडेल का? बुधवारी डब्यात देते."

१४ मे

आजकाल मशीन उघडताना रुमाल बांधायचा विसरतो. वास येतोच. आज एका कॅबिनेटात मेलेली पाल. काढली, टाकली. बस्.

खतवाला विचारत होता, "भाई, बरं न्हाई का? वरडला न्हाईत आज."

२८ मे, बुधवार

दीपगृहाच्या माथ्याशी पोचलो. आता एकच दार. आत दिवा. ताईबाईंनी माउस स्वतःच्या हातात घेतला होता, पहिल्यांदा. हात नांगरटीचा, बोटं वाकडी, बाण पडद्यावर भिरभिरतोय.

दाराशी नेला आणि थांबल्या.

"हितवर आले की हे मशीन बंद करायचे. आज डोळे दुखत्यात म्हणायचे. कवा म्हणायचे, गावात काम राह्यलंय, त्या मांजराला दूध घातलं न्हाई, चल मागं. मग परत समदं गाव फिरायचो. लय वेळा झालं असं. मला वाटायचं, पुढचं यांना जमत न्हाई आन् लाज वाटती, म्हनून म्या बी कवा इचारलं न्हाई."

"मग आज उघडू?"

एवढ्यात वीज गेली. आजूबाजूच्या दुकानांतून नेहमीच्या शिव्या उठल्या. अंधारात त्या म्हणाल्या, "बरं झालं. पुढच्या बुधवारी."

४ जून, बुधवार

दार उघडायला दाबलं. पडदा काळा. मग एक राखाडी चौकट — फाइल सापडत नाही, सीडी तपासा. सीडी पुसून लावली. मशीन दोनदा बंद-चालू केलं. तेच. कॉपी करून देणाऱ्या कुणा हरामखोरानं शेवटचा तुकडा घेतलाच नव्हता. सर्जेरावांना हे माहीत होतं.

ताईबाई खुर्ची पुढं ओढून बसल्या. "काय म्हनतंय?"

चौकटीत एकच ओळ होती. मी पाऊण तास वाचत होतो.